मुलाने त्या जोकवर हसरी स्मायली टाकली. आता शाळा कॅम्प दाखवायला नेणार. उपयोग होतो का खरंच?

अबोली

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, पण हे ओळखीच्यांशी बोलायची लाज वाटतेय म्हणून इथे लिहितेय, सांभाळून घ्या.

आम्ही सहा वर्षं झाली बर्लिनमध्ये आहोत. मुलगा नववीत, नुकताच चौदा पूर्ण झाला. दोन आठवड्यांपूर्वी त्याच्या वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी ज्यूंवर गॅस चेंबरचा जोक टाकला. काय होता ते इथे लिहीत नाही. त्यावर पंधरा-वीस पोरांनी हसून लोळणारी स्मायली टाकली आणि त्या यादीत आमचे चिरंजीवपण आहेत, वरून चौथे. एका मुलीने स्क्रीनशॉट टीचरला दाखवला म्हणून कळलं तरी, नाहीतर मला पत्ताही लागला नसता.

शाळेने काय केलं, तर पालकांना एक लांबलचक मेल, त्यात नेमकं काय झालं ते नाहीच, नुसतं 'आमच्या मूल्यांना धरून नाही' वगैरे, आणि मग जाहीर केलं की वर्गाला साक्सेनहाउझनला नेणार, म्हणजे बर्लिनच्या उत्तरेला ओरानिएनबुर्गमध्ये नाझींचा जो छळकॅम्प होता तिथे. त्याआधी ९ नोव्हेंबरला (१९३८ मध्ये ज्यूंवर देशभर हल्ले झाले तो दिवस) शाळेच्या आसपासचे श्टोल्परश्टाइन पुसायचे, दोघादोघांत एक दगड, आणि त्या माणसाची माहिती शोधून एक पान लिहायचं. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फुटपाथमध्ये बसवलेले दहा बाय दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन असतात. 'इथे राहत होते' असं लिहून खाली नाव, जन्मसाल, कधी उचलून नेलं, कुठे मारलं. ज्या घरातून नेलं त्याच घरासमोर. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने १९९२ साली कोलोनमध्ये पहिला बसवला, आता युरोपभर लाखाच्या वर झालेत.)

मुलाला विचारलं तर म्हणे "अगं जोक होता तो, सगळ्यांनीच टाकली." मी चिडले. मग म्हणे "आणि आपला काय संबंध, आपण ना जर्मन ना ज्यू." यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही हो. खरं सांगते.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, घरातलेच एक मोठे फोनवर बोलताना ट्रॅफिकपासून राजकारणापर्यंत कशावरही "या लोकांना एखादा हिटलरच पाहिजे" म्हणतात आणि मी आजवर "हो ना" म्हणून हसत आलेय, फोन स्पीकरवर असतो, हा बाजूला जेवत असतो. मग स्मायली टाकली तर मी कुठल्या तोंडाने रागावणार?

तर प्रश्न असा की, अशा जागा दाखवून, दगड पुसायला लावून मुलांच्या डोक्यात खरंच काही बदलतं का, का नुसता उपचार? आणि घरी मी काय बोलू? कुणी मुलांना नेलं असेल, या विषयात काम केलं असेल तर सांगा प्लीज.

जुनी_वही

अबोली, आधी एक सांगते, तू हे लिहिलंस तेच बरं झालं. मी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. 'हिटलरच पाहिजे' हे मी शिक्षकांच्या खोलीत रोज ऐकलं आहे, तेही इतिहासाच्या शिक्षकांच्या तोंडून, तेव्हा तू एकटीच नाहीस.

आता शाळेबद्दल. ट्रिप वाईट नाही पण तिची वेळ चुकली. जोक झाला म्हणून कॅम्प, म्हणजे मुलाच्या डोक्यात ती शिक्षा झाली. मेलेल्यांच्या जागी शिक्षा म्हणून गेलेलं पोर एकतर हसतं नाहीतर मोबाइल काढतं. जर्मनीतच १९७६ सालचा बॉइटल्सबाखचा एक करार आहे, राजकीय विषय शिकवणाऱ्या तिथल्या शिक्षकांना तो पाठ असतो, त्यात पहिलीच गोष्ट अशी की मुलाला भावनेने दडपून टाकून आपलं मत त्याच्या गळी उतरवायचं नाही. प्रेतांचे ढीग दाखवून रडवलं की मूल शिकलं असं होत नसतं. रडतं आणि संध्याकाळी विसरतं, किंवा कायमचं तोंड फिरवतं.

मी असते तर शेवटापासून सुरुवात केली नसती. गॅस चेंबर हा शेवट आहे गं. सुरुवात फार साधी होती, कंटाळा येईल इतकी साधी. तुमच्या बर्लिनमध्येच शोनेबेर्गच्या बायरिशेस फिअर्टेल भागात दिव्यांच्या खांबांवर ८० पाट्या लावल्या आहेत, १९९३ पासून. एका बाजूला लहान मुलांच्या पुस्तकात असतं तसं साधं चित्र आणि मागच्या बाजूला त्या काळातला एखादा नियम, तारखेसकट. मांजराचं चित्र, मागे लिहिलंय ज्यूंनी पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत. पावाचं चित्र, मागे ज्यूंनी बर्लिनमध्ये खाण्याचं सामान फक्त दुपारी ४ ते ५ मध्येच घ्यायचं, १९४० चा नियम. रेडिओ जमा करा. सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर यायचं नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात पोरांना शाळेतून काढलं. १९४१ च्या सप्टेंबरपासून सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने कपड्यावर पिवळा तारा शिवायचा. प्रत्येक नियम असा की शेजाऱ्याला वाटावं, चला, आपल्याला काय त्याचं. तुझ्या मुलाचं 'आपला काय संबंध' हे वाक्य तिथे लाखो लोक रोज म्हणत होते, फक्त ते तिथलेच होते.

त्याला घेऊन जा, भाषण देऊ नकोस. जर्मन त्याला तुझ्यापेक्षा चांगलं येत असणार, त्यालाच पाट्या वाचून तुला अर्थ सांगू दे.

अवांतर: आपल्याकडे सरसकट 'नरसंहार' म्हणतात, पण कत्तल झाली की नरसंहार आणि एखादा समूह समूह म्हणून मिटवायचं ठरवलं की वंशसंहार. हा फरक करायला जगाकडे शब्दच नव्हता. राफाएल लेमकिन नावाच्या पोलिश ज्यू वकिलाने १९४४ साली ग्रीक आणि लॅटिन जोडून तो बनवला, 'जेनोसाइड'. त्याच्या स्वतःच्या घरातले ४९ जण गेले होते. ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रसंघात वंशसंहाराविरुद्धचा करार झाला तो बहुतांशी या माणसाने दारोदार चपला झिजवल्या म्हणून.

खवचट_खार

सगळं छान आहे पण मी जरा वाकडं बोलतो, हलके घ्या.

१९४८ ला करार झाला ना? मग १९७५ ते ७९ कंबोडिया, पंधरा ते वीस लाख माणसं. १९९४ रवांडा. १९९५ बोस्नियातलं स्रेब्रेनिका, तेही युरोपात, तेही राष्ट्रसंघाने 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर केलेल्या गावात, डच सैनिक हजर असताना. दर २७ जानेवारीला, होलोकॉस्टच्या स्मरणदिनी, सूट घालून मेणबत्त्या लावतात, 'पुन्हा कधीच नाही' म्हणतात आणि पुन्हा होतंच. ज्या नेत्यांनी हार घातले त्यांनीच दुसरीकडे शस्त्रं विकली. आणि शासनं आठवणसुद्धा सोयीने काढतात, आपले मेलेले मोठ्या अक्षरात आणि आपण मारलेले छोट्या अक्षरात. तुर्कस्तान १९१५ च्या आर्मेनियन लोकांबद्दल वंशसंहार हा शब्द आजही मानायला तयार नाही.

राहिली ट्रिप. बर्लिनच्या त्या २७११ सिमेंटच्या ठोकळ्यांच्या ज्यू स्मारकात मी स्वतः जाऊन आलोय, पोरं एका ठोकळ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत होती, एक जोडपं पाय पसरून सँडविच खात होतं, एक बाई योगासनाच्या पोझमध्ये फोटो काढत होती. शाळेच्या सहलीने मन बदललं असतं तर जर्मनीत आज एकही वंशद्वेष्टा नसता, इतक्या पिढ्या त्या कॅम्पांमधून फिरून आल्यात.

अबोलीताई तुमचा पोरगा बिघडलेला नाही, चौदा वर्षांचा आहे. त्या वयात सगळे हसले की आपण हसतो. फार ताण घेऊ नका.

भटकी_मुंगी

खवचट, तुमचं अर्धं पटतं. पण तुमचा शेवटचा परिच्छेद आहे ना, 'सगळे हसले की आपण हसतो', तोच तर सगळा विषय आहे हो, आणि तुम्ही तो जाताजाता टाकून दिलात.

मी कामानिमित्त दोन वर्षं किगालीत होते, रवांडात. तिथे ७ एप्रिल १९९४ पासून शंभर दिवसांत आठ ते दहा लाख माणसं मारली, बहुतेक तुत्सी समाजाची, मारणारे हुतू कट्टरवादी, आणि त्यात कॅम्प नाही, गॅस नाही, बरेचसे कोयत्याने आणि कितीतरी ठिकाणी मारणारा शेजारीच. त्याच्या आधी नऊएक महिने आरटीएलएम नावाचं रेडिओ स्टेशन होतं. ते कंटाळवाणं सरकारी नव्हतं, मस्त गाणी लावायचे, थट्टामस्करी चालायची, लोकांना आवडायचं. त्यातच तुत्सींना 'झुरळं' म्हणायचे. हसत हसत. मला तिथल्या एका सहकाऱ्याने सांगितलेलं, आम्ही पण ऐकायचो, गाणी चांगली असायची ना. तो स्वतः तुत्सी. नंतर त्याच स्टेशनवरून कोण कुठे लपलंय ते सांगायला लागले.

आणि कोण तुत्सी कोण हुतू हे नाक्यावर कसं कळायचं, तर ओळखपत्रावर लिहिलेलं असायचं, बेल्जियन लोकांनी १९३० च्या दशकात सुरू केलेलं. एक कार्ड. भाषा एक, धर्म एक, राहायचे शेजारी शेजारी. आता कार्डावर ते नसतं.

किगालीच्या गिसोझीमधल्या स्मारकात अडीच लाखांवर लोक पुरलेत. खाली सगळा इतिहास वाचत माणूस शांतपणे फिरतो, आकडे वाचतो, मान हलवतो. वरच्या मजल्यावर मुलांची खोली आहे. मोठ्ठे फोटो, घरच्यांनी दिलेले, आणि खाली छोटी पाटी. नाव, वय, आवडीचा खाऊ, आवडता खेळ किंवा जिवलग मैत्रीण, मग शेवटच्या ओळीत कसं मारलं ते. बस. मी तिसऱ्या फोटोपाशी खाली बसले. एक अमेरिकन बाबा आपल्या धिप्पाड मुलाबरोबर आले होते, तो मुलगा सगळीकडे जांभया देत होता आणि इथे एका पाटीपाशी किती वेळ उभा होता, बाबांनी हाक मारली तरी हलला नाही. त्याला आयुष्यभर पुरलं का मला माहीत नाही, मी काही त्याच्या मागे गेले नाही.

उपयोग होतो का म्हणाल तर एक खरंखुरं उदाहरण देते. ज्या देशात रेडिओने आग लावली तिथेच २००४ पासून एक रेडिओ मालिका चालवली, दोन गावांची गोष्ट, भांडण कसं पेटतं आणि मध्ये उभं राहणारे कोण. एका संशोधक बाईंनी वर्षभर काही गटांना ही मालिका ऐकवली आणि काहींना आरोग्यावरची दुसरी, मग तुलना केली. २००९ साली छापून आलं. गंमत अशी की लोकांची स्वतःची मतं फारशी बदलली नाहीत! पण 'आपल्या गावात काय चालतं, काय चालत नाही' याबद्दलचा अंदाज बदलला, आणि लोक उघडपणे 'मला हे पटत नाही' म्हणायला लागले. म्हणजे मनातलं तसंच राहिलं तरी तोंड उघडायची हिंमत आली. अबोली, तुझ्या मुलाच्या वर्गात ती हिंमत एका मुलीने दाखवली. तिच्याबद्दल शाळेने मेलमध्ये काही लिहिलं का? मला तर वाटतं ग्रुपवर आता तिचीच टर उडवत असतील.

सगळं गोड गोड नाहीये तिथेही. एप्रिलच्या कार्यक्रमांत दरवर्षी कुणाला तरी ते सगळं परत डोळ्यासमोर दिसायला लागतं, भर स्टेडियममध्ये किंकाळ्या येतात, स्वयंसेवक येऊन हळूच बाहेर नेतात. आणि काय आठवायचं, काय बोलायचं यावर सरकारचा हात जड आहे, तो भाग आहेच. न्यामाटाच्या चर्चमध्ये बाकांवर मेलेल्यांचे कपडे ढिगाने ठेवलेत, धुळीने सगळे एकाच मातकट रंगाचे झालेले, तिथे मी मुलाला नेणार नाही.

तिथल्या भाषेत स्मरणाच्या त्या दिवसांना 'क्विबुका' म्हणतात, म्हणजे नुसतं 'आठवणं'. आणि 'एजो' या एकाच शब्दाचा अर्थ काल पण आणि उद्या पण. हिंदीतल्या 'कल'सारखंच, मला फार मजा वाटायची.

शब्दवेडा

मुलाच्या 'आपला काय संबंध'वर माझ्याकडे एक बारीकसं उत्तर आहे. त्याला हे शब्द वाचून दाखवा: पानी, नाख, कान, कालो, मानुष. अर्थ विचारा. तो म्हणेल सोपंय. मग सांगा की ही रोमानी भाषा आहे, युरोपातल्या रोमा लोकांची, ज्यांना तिकडे जिप्सी म्हणून हिणवतात. हजारेक वर्षांपूर्वी आपल्याच बाजूने गेलेले लोक. नाझींनी ज्यूंच्या जोडीने यांनाही वंशाच्या नावाखाली मारलं. आउश्वित्झ कॅम्पच्या बिर्केनाउ भागात त्यांचा वेगळा विभाग होता, २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तो रिकामा केला, साधारण चार हजार तीनशे जण एका रात्रीत, बरेचसे म्हातारे, बायका, पोरं.

आणि पुढचं ऐका. युद्ध संपल्यावरही वर्षानुवर्षं त्यांना भरपाई नाकारत राहिले, हे लोक वंशामुळे नाही तर गुन्हेगार म्हणून पकडलेले असं सांगून. पश्चिम जर्मनीने वंशसंहार झाला हे मान्य केलं १९८२ साली. ज्यांची ती बाजू कधी नीट शिकवलीच नाही त्यांच्याबद्दलचा पूर्वग्रह आजही युरोपात जसाच्या तसा आहे, 'यांच्यापासून पाकीट सांभाळा' हे तुम्हालाही कुणीतरी सांगितलं असेलच. बर्लिनमध्ये संसदेच्या शेजारी त्यांचं स्मारक आहे, २०१२ मध्ये झालं. काळ्या पाण्याचं गोल तळं, मध्ये एक त्रिकोणी दगड, त्यावर रोज एक ताजं फूल ठेवतात. फूल बदलायला दगड पाण्याखाली खाली जातो आणि नवीन फूल घेऊन वर येतो.

रात्रपाळी

+१ भटकी मुंगी.

मी फक्त एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. जर्मनीतच बाड आरोल्सेन गावात नाझींच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे, पावणेदोन कोटी माणसांबद्दलची नोंद. तो ऑनलाइन आणायचं काम चालू आहे आणि त्यात घरबसल्या कुणालाही मदत करता येते. स्कॅन केलेलं कार्ड स्क्रीनवर येतं, त्यावरचं नाव, जन्मतारीख, कैदी नंबर आपण टाइप करायचा. मी झोप येत नाही म्हणून सुरू केलं, आता दीड वर्ष झालं. भाषणबिषण काही नाही, फार तर दोन मिनिटांचं काम एका कार्डाला. पण एकदा एका कार्डावर व्यवसाय 'विद्यार्थी' असं आलं, आणि 'जप्त वस्तू'च्या यादीत एक टोपी, एक कोट, एक जोडी बूट, सही करायला लावलेली, सही अगदी शाळकरी, गोल गोल, नीट. ते कार्ड टाइप करायला मला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली.

त्याला ते एक पान लिहायचं आहे ना, मग तिथे त्यांचा संग्रह नावाने शोधता येतो. बघा काही मिळतं का.

खवचट_खार

मुंगीबाई, टोला लागला. मान्य. हसण्याचं मी खरंच जाताजाता टाकलं.

त्या रेडिओवाल्या प्रयोगाबद्दल माहीत नव्हतं, आणि मतं बदलली नाहीत हे तुम्ही लपवलं नाही म्हणून जास्त पटलं.

पण फोटोंबद्दल एक भीती आहे ती सांगून ठेवतो. कंबोडियात नॉम पेन्हला तुओल स्लेंग आहे, एस-२१, मुळात शाळा होती, तेव्हाच्या ख्मेर रूज राजवटीने तिचा तुरुंग केला. आत आलेल्या प्रत्येकाचा फोटो काढायचे, तेच फोटो आता भिंतीभर लावलेत. २०२१ मध्ये एका पठ्ठ्याने ते फोटो रंगीत केले आणि काही चेहऱ्यांवर चक्क हसू आणलं. मरणाच्या दारातल्या माणसाच्या तोंडावर हसू! एका मोठ्या साइटने छापलं, नातेवाईक भडकले, मग काढून टाकलं. आता तर कुणीही बसल्याजागी असे खोटे फोटो बनवतंय, 'कॅम्पमधली व्हायोलिन वाजवणारी मुलगी' असले, लाइक मिळवायला. उद्या कुणी म्हणणार की सगळेच फोटो असे बनवलेले आहेत. नाकारणाऱ्यांना आणखी काय पाहिजे.

तर मग मुलाला शिकवायचंच असेल तर हे शिकवा की ही गोष्ट खरी आहे हे आपल्याला कशावरून कळतं. कागद, सही, तारीख. रात्रपाळीवाल्यांचं काम त्यासाठी मला आवडलं.

नदीकाठ

उशिरा येतेय. मी बोस्नियात, साराएवोला सून म्हणून आले, अठरा वर्षं झाली. सासर बोस्नियाक, म्हणजे तिथले मुस्लिम.

स्रेब्रेनिकात १९९५ च्या जुलैमध्ये बोस्नियन सर्ब सैन्याने आठ हजारांवर बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले हे सगळ्यांना माहीत असेल. पण नंतर पुरावा मिटवायला कबरी जेसीबीने उकरून प्रेतं दुसरीकडे नेऊन टाकली, त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी सापडतात. डीएनए जुळवून ओळख पटते. दरवर्षी ११ जुलैला पोटोचारीमध्ये त्या वर्षी ओळख पटलेल्यांना पुरतात. काही आया थांबतात, एवढंसं हाड मिळालं ते कसं पुरू, अजून काही मिळेल म्हणून. माझ्या चुलत सासूबाई अशा नऊ वर्षं थांबल्या. यावर मी जास्त लिहू शकत नाही.

इथे एका कलाकार बाईने २००६ पासून एक गोष्ट केली. आमच्याकडे कॉफीचे बिनकानाचे छोटे कप असतात, फिल्जान. लोकांकडून ते मागून घ्यायचे, चौकात जमिनीवर मांडायचे, तिथेच कॉफी उकळून प्रत्येकात ओतायची आणि तशीच सोडायची. कुणी प्यायची नाही. कारण बायकांना विचारलं की नवऱ्याची, मुलाची सगळ्यात जास्त कधी आठवण येते तर म्हणाल्या कॉफी करताना, सोबत प्यायला कुणी नसतं. त्याचं नाव 'श्टो ते नेमा', म्हणजे 'तू का नाहीस'. देशोदेशी मांडलं, येणारे-जाणारे वाकून कॉफी ओतायचे. २०२० मध्ये शेवटी पोटोचारीत ८३७२ कप मांडले, जेवढी माणसं तेवढे. मी ओतली आहे. कॉफी थंड झाली की वर एक साय धरते तशी काळी कड धरते कपाला, ते दिसत राहतं मला.

आता शिक्षणाबद्दल, कारण अबोलीने तेच विचारलंय. इथे काही ठिकाणी एकाच इमारतीत दोन शाळा भरतात, बोस्नियाक मुलं एका दाराने, क्रोएट मुलं दुसऱ्या दाराने, पुस्तकं वेगळी, इतिहास वेगळा. 'एका छपराखाली दोन शाळा' असंच नाव आहे त्याला. आणि देशाच्या दुसऱ्या, सर्बबहुल भागात वंशसंहार झालाच नाही असं मोठमोठे पुढारी उघड म्हणतात, २०२१ मध्ये नाकारण्याविरुद्ध कायदा आणावा लागला. २०२४ च्या मे महिन्यात राष्ट्रसंघाने ११ जुलै हा स्मरणदिन म्हणून ठरवला तेव्हा ८४ देश बाजूने, १९ विरोधात आणि ६८ जणांनी मतच दिलं नाही. तेव्हा ज्यांच्या देशात पोरांना एकाच वर्गात बसवून दगड पुसायला नेतात त्यांनी कृपा करून 'काय उपयोग' म्हणू नये. आम्हाला तेवढं मिळालं तरी खूप.

खवचट, तुम्हाला नाही बोलले. म्हणजे थोडं बोलले.

अबोली

सगळ्यांचे आभार, सगळं दोनदोनदा वाचलंय, नदीकाठ तुमचं जास्त. काय झालं ते सांगते, थोडं लांबेल.

जुनी_वहीबाईंनी सांगितलं तसं आधी रविवारी पाट्या बघायला गेलो. सुरुवातीला हूं हूं करत चालत होता, कानात हेडफोन. मांजराच्या पाटीपाशी हेडफोन काढला, कारण आमच्याकडे मांजर आहे आणि ती त्याचीच. मला म्हणाला, "म्हणजे त्यांनी मांजराचं काय केलं?" मला माहीत नव्हतं. घरी येऊन त्यानेच शोधलं. प्राणी दुसऱ्या कुणाला देता येत नव्हता, मारायला द्यावा लागायचा. रात्रभर मांजर त्याच्या पांघरुणात होतं. मी काही बोलले नाही.

९ तारखेला दगड पुसला. मी लांब उभी राहिले. यांना मिळालेला दगड एका मुलीचा होता, जन्म १९२८, मार्च १९४३ मध्ये आउश्वित्झला नेली, म्हणजे चौदा किंवा पंधरा. याने ते वजाबाकी करून काढलं, बरोबरच्या मुलाला म्हणाला "आपल्याएवढी." दगड अगदी काळा पडला होता. गुडघे टेकूनच बसावं लागतं, उभ्याने जमतच नाही. पॉलिश लावून घासत होते, बोटं गारठली होती, एक आजोबा सायकल थांबवून उभे राहिले आणि काहीच न बोलता निघून गेले. (म्युनिकमध्ये सार्वजनिक फुटपाथवर हे दगड लावू देत नाहीत म्हणे, कारण तिथल्या ज्यू समाजाच्या काही लोकांना वाटतं की ही नावं पुन्हा पायाखाली येतात. हे त्यानेच मला सांगितलं. मला दोन्ही बाजू पटल्या.)

रात्रपाळी, तुम्ही सांगितलं तिथे शोधलं, तिच्या नावाचं काही मिळालं नाही, वडिलांच्या नावाचं एक कार्ड मिळालं. मग ग्रुनेवाल्ड स्टेशनच्या १७ नंबरच्या प्लॅटफॉर्मवर गेलो, तिथे प्लॅटफॉर्मच्या कडेला लोखंडी प्लेटा आहेत, प्रत्येक गाडीची तारीख, किती ज्यू आणि कुठे. १८६ प्लेटा. पहिली १८ ऑक्टोबर १९४१ ची, शेवटच्या १९४५ च्या. कुठे हजारावर माणसं, कुठे शंभर, कुठे पन्नास. रुळांमधून झाडं उगवलीत, मुद्दाम तशीच ठेवलीत. हा तिची तारीख शोधत शेवटपर्यंत चालत गेला. मी मागे होते.

आता खरं सांगायचं तर ग्रुपवर त्याने काहीही लिहिलेलं नाही. स्मायली काढली का माहीत नाही, विचारलं नाही. भटकी मुंगी, तुमचा अंदाज बरोबर निघाला, त्या मुलीला ग्रुपमधून काढलंय. हे कळल्यावर मी शाळेला मेल केला, उत्तर आलेलं नाही. याने मात्र स्वतःहून एवढं केलं की दगडाच्या पानासाठी तिला मेसेज केला, कारण तिच्या गटाला त्याच घरातला दुसरा दगड मिळालाय, याच्या दगडावरच्या मुलीच्या आईचा. दोघं मिळून लिहिणार आहेत. साक्सेनहाउझन पुढच्या महिन्यात आहे, जायचं की नाही हे त्याच्यावर सोडलंय, तो म्हणाला बघू.

आणि हो, शनिवारी फोनवर परत 'हिटलरच पाहिजे' आलं. मी या वेळी हसले नाही, म्हटलं, "काका, असं नका म्हणू, इथे आमच्या दारातच त्या लोकांची नावं आहेत." ते दोन सेकंद गप्प झाले, मग हवापाण्यावर बोलले. जरा अवघड झालं. चिरंजीवांनी ताटातून मान वर करून बघितलं फक्त.

काल संध्याकाळी विचारत होता पॉलिशची बाटली कुठे ठेवली. १४ नंबरच्या घरासमोर तीन दगड आहेत, ते कुणाच्याच वाट्याला आले नाहीत म्हणे. बाटली संपलीये, आज आणते.